लेझरडिस्क आर्केड गेम्स: चालतात कसे, दुरुस्त कसे करतात आणि 'खरी' आवृत्ती कोणती?

'ड्रॅगन्स लेअर' मी पहिल्यांदा मोबाईलवर खेळलो आणि दहा मिनिटांत अनइन्स्टॉल केला. कार्टून चालू असतं, मध्येच जॉयस्टिक एका बाजूला वळवायची किंवा बटण दाबायचं, चुकलं की हिरो मरतो. ऑफिसमध्ये मी छातीठोकपणे सांगूनही टाकलं, "हा गेम नाहीये, व्हिडिओ आहे."

नंतर कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे शिकागोजवळ होतो. तिथे एका जुन्या आर्केडमध्ये याच गेमचं १९८३ चं मशीन उभं होतं. खेळायला लागलो आणि दोन मिनिटांत सगळी लाइफ संपली. पुढच्या डावात स्क्रीन मध्येच काळी झाली ती परत आलीच नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मागचं दार उघडलं, तर आत भल्यामोठ्या सूटकेसएवढा एक प्लेअर होता आणि त्यात जेवणाच्या ताटाएवढी चकचकीत डिस्क फिरत होती. त्या माणसाने पाच मिनिटांत मशीन चालू केलं. मी मात्र पुढचे सहा महिने त्याच विचारात होतो. हा लेख त्यातूनच तयार झाला.

या लेखात आपण चार गोष्टी बघू: हे गेम चालतात कसे, त्यातले महत्त्वाचे कोणते, जुनं मशीन दुरुस्त करताना काय करतात, आणि आज उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांमध्ये फरक काय.

लेझरडिस्क म्हणजे काय?

सीडी आणि डीव्हीडीच्या आधीची ही डिस्क. व्यास ३० सेंटिमीटर. दिसायला मोठ्या सीडीसारखी, पण एक मूलभूत फरक आहे: तिच्यावरचं चित्र डिजिटल नसतं, ॲनालॉग असतं. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थरावर बारीक खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांच्या लांबीत व्हिडिओचा सिग्नल लपलेला असतो. आपल्या फोनमधल्या व्हिडिओसारखं कॉम्प्रेशन इथे नाही, फाइल नाही, फोल्डर नाही.

लेझरडिस्क दोन प्रकारे रेकॉर्ड व्हायची. 'सीएलव्ही' प्रकारात एका बाजूला सुमारे एक तास मावायचा. सिनेमासाठी तो सोयीचा. 'सीएव्ही' प्रकारात अर्धाच तास मावायचा, पण त्यात एक जबरदस्त गुण होता. अमेरिकी एनटीएससी पद्धतीत ही डिस्क मिनिटाला सुमारे १,८०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ३०. टीव्हीवरही सेकंदाला साधारण ३० फ्रेम दिसतात. म्हणजे एक फेरी, एक फ्रेम. एका बाजूला अशा ५४,००० फ्रेम. लेझर एकाच वर्तुळावर थांबवला की चित्र स्थिर, आणि वर्तुळाचा नंबर दिला की हवी ती फ्रेम समोर.

गेम बनवणाऱ्यांना नेमकं हेच पाहिजे होतं. १९८३ मध्ये बाकीचे आर्केड गेम मोठमोठ्या पिक्सेलचे, मोजक्या रंगांचे होते. त्या काळात कॉम्प्युटरने सिनेमासारखं चित्र काढणं शक्यच नव्हतं. मग चित्र काढायचंच कशाला? आधीच काढून डिस्कवर ठेवा आणि कॉम्प्युटरला फक्त 'आता कुठली फ्रेम' एवढंच ठरवू द्या.

गेम आत नेमका कसा चालतो?

'ड्रॅगन्स लेअर'चं उदाहरण घेऊ. मशीनमध्ये तीन मुख्य भाग आहेत.

पहिला भाग डिस्क. तिच्यावर डॉन ब्लूथ यांच्या स्टुडिओने हाताने काढलेलं सुमारे २२ मिनिटांचं ॲनिमेशन आहे. डर्क नावाचा योद्धा, त्याला सोडवायची असलेली राजकन्या डॅफ्नी, सिंज नावाचा ड्रॅगन आणि डर्क मरतो त्याचे अनेक प्रकार.

दुसरा भाग गेम बोर्ड. त्यावर झेड८० प्रोसेसर आणि रॉम चिप्स असतात. रॉममध्ये चित्र अजिबात नसतं. असतं ते वेळापत्रक: या क्षणापासून त्या क्षणापर्यंत जॉयस्टिक उजवीकडे गेली तर अमुक प्रसंग, नाही गेली तर मरणाचा प्रसंग. बरोबर चाल झाल्यावर येणारा 'बीप' आवाजसुद्धा डिस्कवर नाही, तो बोर्डावरच्या साउंड चिपमधून येतो.

तिसरा भाग प्लेअर. पायोनियरचे पीआर-७८२० आणि एलडी-व्ही१००० हे दोन प्लेअर या मशीनमध्ये वापरले जायचे. बोर्ड प्लेअरला फ्रेमच्या नंबरातला एकेक आकडा पाठवतो आणि शेवटी 'शोध' अशी आज्ञा देतो. मग प्लेअरमधला लेझरचा भाग खरोखरच सरकत त्या वर्तुळापाशी जातो. या सरकण्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी असते.

यूट्यूबवर व्हिडिओ पुढे ढकलल्यावर गोल गोल चक्र फिरतं ना? साधारण तसंच, पण इथे अडथळा नेटवर्कचा नसून लोखंड-काचेचा आहे.

मोबाईलवर खेळताना मला हे कळलंच नव्हतं. मी 'व्हिडिओ' म्हणून ज्याला नाव ठेवलं, तो डिस्क, रॉम आणि प्लेअर यांच्यात सेकंदाच्या हिशोबाने चाललेला संवाद आहे. यातला एक जरी वेळ चुकवला तरी गेम बिघडतो.

लक्षात ठेवण्यासारखे गेम

या प्रकारात बरेच गेम आले, पण तुलना करायची तर हे सहा पुरेसे आहेत. प्रत्येकाने डिस्कचा उपयोग वेगळ्या पद्धतीने केला.

१. ॲस्ट्रॉन बेल्ट (सेगा, १९८३): मागे डिस्कवरचा अंतराळाचा व्हिडिओ, त्यावर कॉम्प्युटरने काढलेलं यान. १९८२ च्या प्रदर्शनात दाखवला होता, पण अमेरिकेत दुकानांत पोचेपर्यंत 'ड्रॅगन्स लेअर' पुढे निघून गेला होता.

२. ड्रॅगन्स लेअर (सिनेमॅट्रॉनिक्स, जून १९८३): कल्पना रिक डायर यांची, ॲनिमेशन डॉन ब्लूथ यांचं. इतर गेम २५ सेंटला एक डाव द्यायचे, हा ५० सेंट घ्यायचा. तरी रांगा लागायच्या. पुढे याच जोडीचा 'स्पेस एस' आला. 'ड्रॅगन्स लेअर'च्या मशीनला किट लावून त्याचं 'स्पेस एस' करता यायचं. आजच्या संग्राहकांची ही एक डोकेदुखी आहे. बाहेरून एक गेम, आतून दुसरा.

३. क्लिफ हँगर (स्टर्न, १९८३): यात नवीन ॲनिमेशन नाहीच. 'लुपिन द थर्ड'च्या दोन जपानी सिनेमांतले प्रसंग कापून-जोडून गेम केला. त्यातला एक सिनेमा, 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो', हायाओ मियाझाकी यांचा. ॲनिमे बघणाऱ्यांना हा गेम ओळखीचा वाटेल.

४. मॅक ३ (मायलस्टार, १९८३): विमानातून केलेलं खरं चित्रीकरण आणि त्यावर कॉम्प्युटरचं ग्राफिक्स. इंजिनिअर म्हणून मला हा सगळ्यात भारी वाटतो. डिस्कच्या एका ऑडिओ चॅनलमध्ये आवाज नसून डेटा भरलेला आहे. चित्रात लक्ष्य कुठे आहे हे गेमला त्यातून कळतं.

५. फायरफॉक्स (अटारी, १९८४): क्लिंट ईस्टवुड यांच्या १९८२ च्या सिनेमावर आधारित. यात फिलिप्सचा प्लेअर होता. त्यामुळे पायोनियरचे सुटे भाग इथे चालत नाहीत.

६. मॅड डॉग मॅक्री (अमेरिकन लेझर गेम्स, १९९०): खरे कलाकार, वेस्टर्न सिनेमाचा थाट आणि हातात बंदूक. पहिली लाट ओसरल्यावर लेझरडिस्क परत आणणारा हा गेम.

पहिली लाट ओसरली का? सरळ कारण आहे. एक मशीन साधारण ४,००० डॉलरचं, आणि आतले प्लेअर असल्या वापरासाठी बनलेलेच नव्हते. शांतपणे सिनेमा किंवा माहितीपट दाखवायचा प्लेअर दिवसभर दर काही सेकंदांनी पुढे-मागे पळवला, तर काय होणार? प्लेअर बंद पडायचे, मालक वैतागायचे. त्यात लोकांना चाली पाठ झाल्या की गेम संपला. दोन वर्षांत उत्साह मावळला.

दुरुस्ती: कुठून सुरुवात करतात?

मी स्वतः पूर्ण मशीन दुरुस्त केलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण त्या आर्केडमध्ये दोन शनिवार मदतनीस म्हणून बसलो आणि क्रम नीट लिहून घेतला. तो असा.

पॉवर सप्लाय: मशीन आणल्या आणल्या प्लग लावायचा नाही. चाळीस वर्षं जुने कपॅसिटर खराब झालेले असतात. बोर्ड सोडवून ठेवायचा, व्होल्टेज मोजायचं, ५ व्होल्टची लाइन खरंच ५ देतेय का ते बघायचं. मगच बोर्ड जोडायचा.

मॉनिटर: आत जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते. बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. यूट्यूब बघून हे काम करू नका. अनुभवी टीव्ही मेकॅनिक सोबत पाहिजेच.

रॉम चिप्स: या चिप्स विद्युतभार साठवून माहिती जपतात आणि त्यांच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला तर माहिती पुसली जाते. म्हणून त्यावरचा स्टिकर काढायचा नाही. चिप रीडरने वाचून तिचा चेकसम इम्युलेटरच्या यादीतल्या चेकसमशी ताडतात. जुळला तर चिप ठीक. 'ड्रॅगन्स लेअर'च्या रॉमच्या अनेक सुधारित आवृत्त्या आहेत, त्यामुळे 'वेगळा' म्हणजे 'बिघडलेला' असं लगेच समजायचं नाही.

प्लेअर: सगळ्यात नाजूक भाग. या जुन्या प्लेअरमध्ये आजच्यासारखा छोटा लेझर डायोड नसून हेलियम-निऑन वायूची काचेची नळी असते. ती म्हातारी होते, प्रकाश कमी होतो आणि प्लेअर फ्रेम शोधताना चाचपडतो. माझ्या डावात स्क्रीन काळी राहिली त्याचं कारण हेच होतं. भिंग साफ करणं, वाळलेलं ग्रीस काढणं, सरकता भाग मोकळा करणं, ॲलाइनमेंट तपासणं, एवढं हाताने करता येतं. नळीच गेली तर दुसऱ्या प्लेअरमधून काढावी लागते.

डिस्क: पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस दिसत असेल तर 'लेझर रॉट' झालेला असू शकतो. डिस्कच्या दोन बाजू चिकटवणाऱ्या गोंदामुळे किंवा आत गेलेल्या हवेमुळे अ‍ॅल्युमिनियमचा थर गंजतो. यावर उपाय नाही. ओरखडा पुसता येईल, गंज उलटा फिरत नाही.

आता खरा वाद. प्लेअर मेलाच तर काय करायचं? 'डेक्स्टर' नावाचा एक बोर्ड मिळतो. तो प्लेअरच्या जागी बसतो, गेम बोर्डाशी प्लेअरच्याच भाषेत बोलतो आणि व्हिडिओ फाइलमधून दाखवतो. मूळ रॉमला कळतही नाही की समोर लेझर नाही. काही संग्राहकांच्या मते हे मशीनचं हृदय काढून घेणं आहे. काहींच्या मते न चालणारं अस्सल मशीन म्हणजे नुसतं कपाट. त्या दुरुस्ती करणाऱ्याचं उत्तर मला पटलं: बदली बोर्ड लावा, पण मूळ प्लेअर फेकू नका आणि एकही वायर कापू नका. म्हणजे उद्या कोणाला परत मूळ स्थितीत आणायचं असेल तर आणता येईल.

डिस्क वाचवायची कशी?

इथे संग्रहाचा खरा उपयोग दिसतो. साधा मार्ग म्हणजे प्लेअरच्या व्हिडिओ आउटपुटला कॅप्चर कार्ड लावणं. पण मग त्या जुन्या प्लेअरच्या सर्किटमधले दोषही रेकॉर्ड होतात.

दुसरा मार्ग जास्त हुशार आहे. 'डोम्सडे डुप्लिकेटर' नावाचं ओपन हार्डवेअर लेझरच्या पिकअपमधून येणारा कच्चा सिग्नलच पकडतं, सेकंदाला ४ कोटी नमुने, प्रत्येकी १० बिट. हिशोब करा: सेकंदाला ५० एमबी, मिनिटाला ३ जीबी, डिस्कच्या अर्ध्या तासाच्या एका बाजूला सुमारे ९० जीबी. १२८ जीबीचा फोन एका बाजूतच भरत आला. नंतर 'एलडी-डीकोड' हे सॉफ्टवेअर त्या सिग्नलमधून चित्र आणि आवाज काढतं. म्हणजे प्लेअरच्या सर्किटचं बरंचसं काम आता कोड करतो.

याचा मोठा फायदा असा: एकाच गेमच्या तीन-चार डिस्क अशा पकडल्या तर सॉफ्टवेअर त्या एकमेकांवर ठेवून तुलना करतं. एका डिस्कवर जिथे ठिपका आहे, तिथे दुसरीवर बहुधा नसतो. अनेक गंजक्या डिस्कमधून एक स्वच्छ प्रत तयार होते. म्हणूनच 'माझ्याकडची खराब झाली, टाकून देतो' असं म्हणणाऱ्याला संग्राहक थांबवतात. आणि 'मॅक ३'सारख्या डिस्कच्या बाबतीत आवाज एमपी३ करून ठेवलात तर त्यातला डेटाच खराब होऊ शकतो. नुसतं 'बघायला चांगलं' एवढी प्रत पुरत नाही.

माझी चूक

परत आल्यावर मी लॅपटॉपवर इम्युलेटर बसवला. लेझरडिस्क गेमसाठी 'डॅफ्नी' हा जुना आणि 'हिप्सिअस सिंज' हा त्यावरून निघालेला नवा इम्युलेटर आहे. दोन्ही नावं 'ड्रॅगन्स लेअर'मधल्या पात्रांची आठवण करून देतात. 'ड्रॅगन्स लेअर'ची प्रत मी विकत घेतली होती, व्हिडिओ तयार होता, पण तो सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा होता. मला वाटलं, ३० फ्रेम केला तर चित्र अजून सुळसुळीत दिसेल. एका कमांडमध्ये काम झालं. बघायला झकास.

गेम चालू केला तर सगळा गोंधळ. डर्क पुलावर असायचा तेव्हा भलताच प्रसंग दिसायचा. गेम १,००० नंबरची फ्रेम मागायचा आणि माझ्या फाइलमध्ये त्या नंबरावर मूळची साधारण ८०० नंबरची फ्रेम यायची. चित्र 'सुधारताना' मी पत्ते बदलून टाकले होते. कामावर व्हिडिओशीच संबंधित कोड लिहिणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याची लाज वाटली. पण 'हा नुसता व्हिडिओ आहे' हे माझं वाक्य चुकीचं होतं, हे त्याच रात्री पटलं.

मग कुठली आवृत्ती 'खरी'?

- मूळ मशीन आणि मूळ प्लेअर: सगळं अस्सल. शोधाच्या वेळची काळी स्क्रीन, प्लेअरची घरघर, पिक्चर ट्यूबचा रंग. पण महाग, नाजूक, आणि दरवर्षी कमी होत जाणारं.
- मूळ मशीन आणि बदली बोर्ड: कंट्रोल, मॉनिटर, रॉम अस्सल. शोध जलद आणि भरवशाचा. रोज लोकांना खेळू द्यायचं असेल तर सगळ्यात व्यवहार्य.
- इम्युलेटर: रॉम अस्सल, बाकी सगळं नक्कल. शोध क्षणात होतो, म्हणून खेळाचा ताल बदलतो. डॅफ्नीमध्ये हा उशीर मुद्दाम आणायची सेटिंग आहे, ती एकदा लावून बघा.
- फोन, डीव्हीडी, ब्लू-रे आवृत्त्या: चित्र मूळ डिस्कपेक्षा स्वच्छ असू शकतं, पण मूळ रॉम सहसा नसते. चालींच्या वेळा कोणीतरी नव्याने ठरवलेल्या असतात. टचस्क्रीनवर जॉयस्टिकचा अंदाजही वेगळा.

माझं मत: तुलना करताना चित्राची स्वच्छता शेवटी बघा. आधी बघा की रॉम मूळ आहे का, फ्रेमचे नंबर जुळतात का आणि शोधाला किती वेळ लागतो. गेम या तीन गोष्टींत आहे.

नेहमी पडणारे प्रश्न

युरोपातलं मशीन घेतलं तर चालेल का? जपून. युरोपात 'ड्रॅगन्स लेअर' अटारीच्या आयर्लंडमधल्या कंपनीकडून आला. त्याची डिस्क पाल पद्धतीची आणि प्लेअर वेगळा. अमेरिकी डिस्क त्यात चालणार नाही.

सुरुवात करायला किती खर्च? मशीनचा विचारच नको. विकत घेतलेली प्रत, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय आणि यूएसबी जॉयस्टिक पुरेशी आहे.

इंटरनेटवरून व्हिडिओ उतरवला तर? हे गेम जुने असले तरी कॉपीराइट संपलेला नाही. विकत घ्या.

हे सगळं आपल्याला कशाला?

२०१८ मध्ये नेटफ्लिक्सने 'बँडरस्नॅच' आणला. प्रेक्षकाने निवड करायची, गोष्ट पुढे वळायची. कल्पना 'ड्रॅगन्स लेअर'चीच, फक्त डिस्कच्या जागी सर्व्हर. २०२५ च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. तो कोणाच्या कपाटात नाही. दुरुस्त करायला मशीन नाही, एकावर एक ठेवायला चार डिस्क नाहीत.

१९८३ ची डिस्क गंजते आहे, पण ती कोणाच्या तरी हातात आहे. आपल्या फोनमधले अर्धे गेम सर्व्हर बंद झाला की त्याच दिवशी संपतील. त्यामुळे पुढच्या वेळी घरातला जुना कॉम्प्युटर, सीडीचा डबा किंवा बंद पडलेला कन्सोल भंगारात जायला निघाला, तर आधी आत काय आहे ते बघा. चालत नसेल तरी वायर न कापता, बॅटरी काढून, कोरड्या जागी ठेवा. आज दुरुस्त करता नाही आला तरी चालेल. दुरुस्त करता येईल असा राहिला, एवढं पुरे.